अंगठा जुळला नाही

मी एक जुने, अंगठा ओळखणारे मशीन आहे. मित्रांनो, शिवाजी पेठेतल्या कृष्णातच्या रेशन दुकानात माझी उमेदीची वर्षे गेली.

माझे काम सोपे. माणसाने माझ्या काचेवर अंगठा टेकवायचा आणि मी त्याच्या रेषा आधी नोंदवलेल्या रेषांशी ताडून बघायच्या. जुळल्या की हिरवा दिवा, मगच धान्य. पहिल्या वर्षी काय माझा रुबाब होता म्हणून सांगू! तालमीतले भले भले पैलवान माझ्यापुढे श्वास रोखून उभे राहत. ते दिवस आठवले की आजही जीव हळवा होतो.

एका खंडेनवमीला कृष्णातने मोठ्या हौसेने माझी पूजा केली आणि नेमके काचेवरच हळदकुंकू लावले. त्या महिन्याच्या धान्याचा तो शेवटचा दिवस होता. दुकान बंद व्हायच्या वेळी बनाबाई धावतपळत आली. चपलांच्या चामडी वेण्या वळून वळून तिच्या अंगठ्याच्या रेषा पार झिजल्या होत्या. त्यात पूजा झालेल्या मशीनवर अंगठा दाबायला ती धजेना. देवाच्या पायाला शिवावे तसे तिने मला हलकेच बोट लावले आणि हात कपाळाला नेला. कृष्णातने काच पुसली, तिचा अंगठा धरून दाबला, पण मला रेषाच दिसेनात. तीनदा लाल दिवा लागला आणि मी त्या महिन्यापुरते तिचे नाव बंद केले.

"म्हंजे मी बनाबाई न्हवं?" तिने विचारले.

कृष्णात तिला लहानपणापासून ओळखत होता, पण त्याचा शब्द माझ्यापुढे चालत नव्हता. महिन्याचा तांदूळ बुडाला. रिकामी पिशवी घेऊन ती गेली. मी नियमानेच वागले होते हो, तरी आजही मला त्याची लाज वाटते.

पुढे डोळ्यांवरून माणूस ओळखणारे नवे मशीन आले. त्याने बनाबाईला पहिल्याच दिवशी ओळखले. मी फळीवर धूळ खात पडले होते. तांदूळ घेऊन निघताना तिने मला खाली काढले आणि पदराने पुसायला घेतले. कृष्णात म्हणाला, "मावशी, ह्यानंच तुला मोकळ्या हातानं घालवलं हुतं की."

"त्यानं मला वळखलं न्हाय," बनाबाई म्हणाली, "म्हून मी बी त्याला वळखायचं न्हाय व्हय?"

मित्रांनो, आमची काच पुसत जा. आणि आम्ही नाही म्हणालो, तरी समोरच्या माणसाच्या तोंडाकडे एकदा बघा. मला ते कधी बघताच आले नाही.