पाचवा ठोका

कंपनीने आम्हाला कुलूप लावायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा माझी पन्नाशी उलटून गेली होती. उभी हयात पुण्यातल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाला तीन दिवस वर्गात बसवून कुलूप कसं लावायचं ते सांगणार म्हटल्यावर डोकं फिरणारच. माझं फिरलं. साईनाथचं नाही फिरलं, कारण ट्रेनिंगमध्ये दुपारचं जेवण फुकट होतं.

साईनाथ माझा जोडीदार. धायरीचा, मूळ गावातला. लिफ्टचं काम जोडीनेच करावं लागतं. एक जण वर गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, दुसरा खाली खड्ड्यात. खड्डा म्हणजे तळमजल्यावर केबिन थांबते त्याच्याही खालची, माणूस जेमतेम वाकून मावेल एवढी जागा. वर मी आणि खाली साईनाथ, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. त्याला उंची सोसत नाही आणि मला अंधार. खड्ड्यात फोनला रेंज नसते, म्हणून आम्ही ठोक्यांवर बोलायचो. केबिन ज्या लोखंडी रेलवरून सरकते, त्या रेलवर पान्याने एक ठोका मारला की 'थांब', दोन मारले की 'चालू कर'. आमच्या उस्तादांनी आम्हाला हे शिकवलं होतं आणि त्यावर आमचं सगळं सुरळीत चाललं होतं.

स्वारगेटजवळच्या ऑफिसात शिकवायला आली ती तनया मॅडम. माझ्या मुलीच्या, सबाच्या वयाची पोर. तिने मला 'शकीलसर' म्हटलं, तिथेच मी सावध झालो. आम्हाला कोणी मिस्त्री म्हणतं, कोणी नुसतंच 'ओ लिफ्टवाले'. सर म्हणणारा माणूस आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायला आलेला असतो.

आणि घेतलंच तिने. "आजपासून ठोके बंद," ती म्हणाली, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक लाल कुलूप ठेवलं. कुलपावर ज्याचा त्याचा फोटो. काम सुरू करण्याआधी वरचा मेन स्विच बंद करायचा आणि दोघांनीही त्याच्या कडीला आपापलं कुलूप घालायचं. दोन्ही कुलपं निघाल्याशिवाय स्विच वर जातच नाही. किल्ली एकच, आपापल्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानेच येऊन काढायचं.

"म्हणजे खड्ड्यातला माणूस सात मजले चढून येणार?" मी विचारलं. "लिफ्ट बंद असताना?"

सगळे हसले.

"हो, चढून येणार," ती शांतपणे म्हणाली. "तो वर आलाय म्हणजे खड्ड्यात नाही, एवढं तरी पक्कं कळतं."

"मॅडम, साईनाथचा ठोका मी झोपेतसुद्धा ओळखतो."

ही बढाई मी मारायला नको होती. दुसऱ्या दिवशी तिने वर्कशॉपमध्ये रेलचा एक तुकडा उभा केला, मला पाठमोरं बसवलं आणि डोळ्यांवर रुमाल बांधला. वेगवेगळ्या माणसांनी रेलवर दोन-दोन ठोके मारायचे आणि मी फक्त 'साईनाथ' किंवा 'नाही' एवढंच सांगायचं. असं पाच वेळा. चार वेळा माझं बरोबर आलं. पाचव्यांदाही मी छातीठोकपणे 'साईनाथ' म्हणालो, आणि रुमाल काढून बघतो तर पाना तनया मॅडमच्या हातात. तरी पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"पाचातले चार, मॅडम! फर्स्ट क्लास!"

ती हसली नाही. "पाचवा माझा होता, शकीलसर. माझ्या ठोक्यावर तुम्ही स्विच वर केला असतात. तेव्हा खड्ड्यात कोण होतं?"

"आमच्या सासूबाई," मी म्हणालो आणि वर्ग हसून लोटपोट झाला.

हसणं पूर्ण थांबेपर्यंत ती वाट बघत उभी राहिली. मग पुन्हा तेच विचारलं, "कोण होतं?"

घरी गेल्यावर बायकोने, अख्तरबानूने विचारलं, काय शिकलात, तर तिच्यावरच खेकसलो.

ट्रेनिंग संपलं त्या संध्याकाळी स्वारगेटला बसची वाट बघताना साईनाथ एका चावीवाल्यापुढे जाऊन उभा राहिला. आला तो हातात नवी कोरी किल्ली घेऊन.

"ही माझ्या कुलपाची. तुझ्याकडं ठिव," तो म्हणाला. "माझं गुडघं सात मजलं चढायच्या लायकीचं ऱ्हायल्यात का आता? मी खालून ठोका देतो, तू काढ माझं कुलूप. त्या बाईला काय कळतंय."

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर माणूस स्वतःचा जीव बिनदिक्कत दुसऱ्याच्या खिशात ठेवतो, यापेक्षा मोठी पदवी कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळणार होती? मीही लगेच माझ्या किल्लीची डुप्लिकेट करून त्याला दिली. तीन दिवसांचं ट्रेनिंग आम्ही बस यायच्या आत निकालात काढलं.

त्यानंतर पंधरवड्यात कोथरूडच्या एका सात मजली सोसायटीत काम निघालं. खड्ड्यात पाणी झिरपून तिथलं लाल बटण कामातून गेलं होतं. खाली उतरणाऱ्याने हे बटण आधी दाबायचं असतं. ते दाबलेलं असलं की वरून कोणी काहीही केलं तरी लिफ्ट हलत नाही. तेच बदलायचं होतं. म्हणजे त्या दिवशी खालच्या माणसाला वरच्या कुलपाशिवाय दुसरा आधार नव्हता.

सोसायटीचे चेअरमन दिगंबरराव निवृत्त मुख्याध्यापक. हातात काठी, पण टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. आम्ही काम करत असताना समोर खुर्ची टाकून बसायचे आणि बघायचे. यांना सगळं माहीत असतं. त्या दिवशी घाईत होते, कारण त्यांच्या बायकोला, मंदाकिनीबाईंना, हॉस्पिटलमधून घरी सोडणार होते. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, घर सहाव्या मजल्यावर.

"आज होणार का, की पुढच्या ऑपरेशनपर्यंत?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

आम्ही दोघं वर गेलो. केबिन वरच्या मजल्यावर थांबवून मेन स्विच बंद केला, दोघांनी लाल कुलपं घातली. साईनाथ कण्हत जिन्याने खाली गेला. मी ब्रेकचं काम काढलं होतं, ते उरकलं, माझं कुलूप काढून पिशवीत टाकलं आणि त्याची वाट बघत बसलो. शेजारच्या बिल्डिंगमध्ये ड्रिलिंग चाललेलं, त्या आवाजाने डोकं उठलं होतं.

मग फोन वाजला. दिगंबरराव.

"अहो मिस्त्री, ॲम्ब्युलन्स फाटकात आलीय. लिफ्ट सुरू करताय, की बाईंना दोरीने वर ओढू?"

"साईनाथचं व्हायचंय, साहेब."

"झालंय त्याचं. हातात बॅग घेऊन तो बाहेर आलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. तुम्ही वर काय करताय तेवढं सांगा." आणि फोन ठेवला.

मी साईनाथला फोन लावला. रिंग वाजत राहिली. कामावर असताना हा माणूस फोन कधीच उचलत नाही. मनात म्हटलं, आता ठोके देईल.

आणि ठोके आले. रेलवरून, स्पष्ट. दोन.

मी उठलो. खिशातून साईनाथची किल्ली काढली. त्याच्या कुलपावर त्याचा फोटो होता, डोळे अर्धे मिटलेला, कारण फोटो काढताना त्याला नेमकी शिंक आली होती. मी किल्ली कुलपात घातली. सगळं जुळत होतं. चेअरमननी त्याला बाहेर आलेलं पाहिलं होतं, ठोके आले होते, खाली एक बाई ताटकळत होती आणि किल्ली खुद्द साईनाथने दिलेली. फक्त मनगट फिरवायचं बाकी होतं.

कोण होतं?

त्या पोरीचा आवाज असा कानात आला की मला संताप आला. मी स्वतःलाच म्हटलं, साईनाथचाच ठोका आहे. आणि लगेच आठवलं की पाचव्या वेळीही मी हेच म्हणालो होतो, याच खात्रीने. दोन्ही वेळच्या खात्रीत तसूभर फरक नव्हता. घाम फुटला. किल्ली कुलपातून बाहेर काढताना माझी बोटं इतकी ओली झाली होती की ती खाली पडली.

फोन पुन्हा वाजायला लागला. मी तो उचलला नाही. मशीन रूमचं दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागलो. तनया मॅडमना, त्यांच्या कंपनीला, त्या लाल कुलपाला मनात येतील तेवढ्या शिव्या देत उतरत होतो. खाली साईनाथ बिडी ओढत बसलेला असणार, मला बघून हसणार आणि दिगंबरराव चारचौघांत माझी हजेरी घेणार, हे मला दिसत होतं. मला ते हवं होतं. आयुष्यात कधी नव्हे ते मला तोंडावर पडायचं होतं.

तळमजल्यावर पोचलो. लिफ्टचं दार बंद. बाहेर फरशीवर साईनाथची बॅग, वर त्याचा फोन आणि पाना. साईनाथ नाही. फाटकाशी दिगंबरराव काठी उंचावून ॲम्ब्युलन्सवाल्याला मागे घे, मागे घे करत होते.

आणि बंद दाराआडून, अगदी खालून, कोणीतरी हाताने पत्र्यावर थापा मारत होतं.

मी दार उघडायची तिकोनी किल्ली लावली. दार उघडलं. खड्ड्यात साईनाथ उकिडवा बसला होता, एक हात वर दाराशी, दुसऱ्या हातात चष्मा. घामाने निथळत होता.

"चष्मा ऱ्हायला हुता खाली," तो म्हणाला. "तेवढ्यापुरता उतरलो. कुणीतरी वरनं दोन ठोकं टाकलं अन् दार लावलं. आरं, वराडलो मी, पर त्या ड्रिलिंगपुढं कोण ऐकतंय. पाना बाहेर. हातानं रेल बडवली... तुला ऐकू न्हाई आलं?"

"नाही आलं," मी म्हणालो.

त्याने नवं बटणही दाबलं नव्हतं. चष्म्यासाठी कशाला दाबायचं.

मी त्याला वर ओढून घेतलं आणि तसाच फाटकाकडे गेलो. "दार कोणी लावलं?"

"मी," दिगंबरराव म्हणाले. "उघडं होतं. पोरंबाळं असतात सोसायटीत. कोणी पडलं असतं."

"आणि ठोके?"

त्यांनी काठीकडे बघितलं. "दार लावायच्या आधी आत हात घालून... आत अंधार, तुमचा माणूस कुठे दिसेना, ॲम्ब्युलन्स आलेली. तुम्ही दोन ठोक्यांवर सुरू करता ना? मी बघतो की नेहमी."

त्यांच्या गळपट्टीला हात घालायचा राहिला तो केवळ मागे साईनाथ पायरीवर मट्‌कन बसला म्हणून. मी ओरडलो मात्र, अख्खी सोसायटी खिडकीत यावी असा. आत माणूस होता, त्याचं मरण तुमच्या माथी बसलं असतं, असं काहीबाही. दिगंबररावांनी साईनाथकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या चष्म्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

व्हीलचेअरवर बसलेल्या मंदाकिनीबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी नवऱ्यापुढे हात केला.

"ती काठी द्या इकडे," त्या म्हणाल्या. दिगंबररावांनी निमूट दिली. मग त्या साईनाथला म्हणाल्या, "तुम्ही बसा जरा, पाणी प्या. मला घाई नाही."

पण वर साईनाथचं कुलूप तसंच होतं. पाणी पिऊन झाल्यावर तो कठड्याला धरून उठला. "चल," म्हणाला. "काढून येऊ."

आम्ही चढायला लागलो. दर मजल्यावर तो थांबायचा, गुडघे दाबायचा. मी त्याच्या मागे एक पायरी ठेवून चढत होतो. मी त्याच्या घामाने भिजलेल्या पाठीकडे बघत होतो आणि मला सारखी ती ओली किल्ली बोटांत जाणवत होती. ती मी कुठपर्यंत नेली होती हे त्याला माहीत नव्हतं.

मशीन रूममध्ये आल्यावर ती त्याला दिसली. स्विचखाली फरशीवर पडलेली, नवी कोरी. त्याने वाकून ती उचलली. किल्लीकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली नाही, एवढंच मला जमलं.

"घातली हुतीस?" त्याने विचारलं.

"घातली होती. फिरवली नाही."

मग ती किल्ली त्याने खिशात टाकली, दुसऱ्या खिशातून माझी डुप्लिकेट काढली आणि माझ्या हातात ठेवली. आपली मूळ किल्ली घेऊन तो कुलपाकडे वळला. पण ती भोकात जाईना. दोनदा निसटली.

"तू काढ की, शकीलभाई," तो हळूच म्हणाला. "मी हितंच हाय."

माझा हात पुढे झालाच होता. जन्माची सवय. मी तो मागे घेतला.

"नाही. तुझं कुलूप तूच काढायचं."

त्याने पँटला हात पुसला आणि पुन्हा प्रयत्न केला. मी घाई केली नाही. तो कुलूप काढेपर्यंत मी तिथे उभा राहून त्याच्याकडे बघत राहिलो.