रुपयाएवढं भोक

मी एक जुनी ताडपत्री आहे, मित्रांनो. ऊठसूट रडगाणं गाणं माझ्या स्वभावात नाही. पण जालन्याच्या एमआयडीसीत टेम्पोवर अकरा वर्षं काढली की अंगात थकव्याशिवाय काही उरत नाही, आणि थकलेल्याला थोडं बोलू द्यावं.

नवी होते तेव्हा मी निळीशार होते. माझा मालक संघपाल माझी घडी कडेला कड जुळवून घालायचा. हिच्यामुळे बियाण्याची एक गोणी कधी भिजली नाही, असं चारचौघांत सांगायचा. पुढे फेऱ्या वाढल्या आणि कौतुक आटलं. गेल्या वर्षी एका खिळ्याने मला रुपयाएवढं भोक पाडलं. उद्या ठिगळ लावतो, असं तो म्हणाला. तो उद्या काही उगवला नाही.

त्याच्या लेकीला, अक्षताला, असाच एक उद्या मिळाला होता. धरणावर मुक्कामाला जायचं आणि चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत कसा उडवायचा, ते पप्पांनी शिकवायचं. तीन वर्षं ती वाट बघत होती.

अखेर उन्हाळ्याच्या तोंडाशी एका शनिवारी योग आला. अंबड मागे टाकून आम्ही धरणाच्या फुगवट्यावर पोचलो. नजर पोचेल तिथवर पाणी, पलीकडे बोडक्या टेकड्या आणि काठाला सावलीचं एक झाड नाही. मला टेम्पोला आणि दोन बांबूंना बांधलं. अक्षताच्या आईने, बेबीनंदाने, तीन दगडांची चूल मांडली. आठवडाभर रात्रीच्या फेऱ्या मारलेला संघपाल भाकरी खाऊन आडवा झाला. रविवारी सकाळी चहापुरता उठला आणि पुन्हा लवंडला.

दुपार टळली तशी बेबीनंदा त्याला उठवायला गेली. अक्षताने आईला अडवलं. गोळा केलेले सात चपटे दगड ओच्यात घेऊन ती बापाच्या उशाशी बसून राहिली.

इतक्यात ऊन कललं आणि माझ्या भोकातून नेमकं संघपालच्या डोळ्यांवर आलं. इथे माझं काम एकच, सावली धरायचं. तेही धड होईना, म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या पापण्या हलल्या. आणखी थोडं ऊन लागतं तर तो जागा झाला असता आणि पोरीला तिचा दिवस मिळाला असता. पण ती उठली आणि तिने माझ्या भोकावर तळहात धरला. एक हात भरून आला की दुसरा धरायची. ऊन भलतीकडे सरकलं तरी तिने हात काढला नाही.

संघपाल जागा झाला तेव्हा सूर्य टेकडीला टेकला होता.

"काय करून राह्यली गं?"

"तुमच्या डोळ्यावर ऊन येत होतं, पप्पा. तुम्ही लई दमून गेल्ते."

"मंग मला उठवायचं न्हाई का?"

तिचा हात त्याने आपल्या राकट हातांत धरून चोळला आणि बराच वेळ सोडला नाही. निघायची वेळ झाली होती. सामान तसंच टाकून तो तिला पाण्यावर घेऊन गेला. सहा दगड बुडाले. सातव्याने दोन टप्पे घेतले.

सोमवारी गाडी भरण्याआधी संघपाल दाभण घेऊन बसला. ठिगळ अक्षताच्या जुन्या दप्तराचं आहे, जरा वाकडंच बसलंय.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना मागता येत नाही आणि काही पोरं मागत नाहीत. तेव्हा भोक लहान आहे तोवरच बघा. माझं आता बुजलंय. तरी ऊन तापलं की त्या जागी मला अजून एक लहानसा तळहात लागतो.