चाळीस वर्षांचा वास

"हुंग," आनंदा म्हणाला. "लवकर. दोनच मिन्टं मागून घेतल्यात."

जनीचे दोन्ही हात मनगटापर्यंत जिताड्याच्या पोटात. समोर नवरा उभा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याला काळा बो, आणि हातातल्या ट्रेमध्ये दोन एवढेएवढेसे ग्लास. एकाच्या दांडीला रबरबँड लावलेला. दोन्हींत तळाशी थोडी थोडी दारू, जुन्या तांब्याच्या हंड्याच्या रंगाची. नुसत्या डोळ्यांनी यातला फरक सांगायचा म्हटला तर सांगूनच दाखवावा कुणी.

"थांबा, हात धुते."

"हात लावूच नको. मासलीचा वास धरंल काच. मी धरतो, तू फक्त नाक आण."

"काय कटकट लावलीय सकालधरनं," जनी करवादली, पण मान पुढे केली.

बाहेर व्हरांड्यात परीक्षा चालली होती. आनंदाचा मालक दाजी गोवा हायवेवर मोठं हॉटेल बांधत होता. त्यात वाईनची वेगळी खोली होणार होती, आणि त्या खोलीचा माणूस निवडायला मुंबईहून शोभा मॅडम आल्या होत्या. दाजीने रविवारचं जेवण आपल्या कर्नाळ्याच्या फार्महाऊसवर ठेवलं, जनीला मासळी करायला किचनात बसवलं आणि आनंदाला मॅडमपुढे उभा केला. म्हणाला, "आमचा जुना माणूस, तीस वर्षं बोटीवर होता, कप्तानाच्या टेबलाला." हे खरं होतं. पण खोली मिळाली नाही तर आनंदाला फेटा बांधून गेटवर उभं करायचं, पाहुण्यांच्या गाड्यांची दारं उघडायला, हेही दाजीने हसत हसत सांगून टाकलं होतं. सत्तावन्न वर्षांचा माणूस. जनी त्या रात्री जेवली नव्हती.

आणि आनंदाला वास येत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी पळस्पे फाट्याला बाईक घसरली, डोकं डिव्हायडरवर आपटलं, दहा टाके पडले. टाक्यांवर केस आले, नाक काही परत आलं नाही. डॉक्टर म्हणाला, येईल कदाचित, नाही पण येणार. जनीला कळलं ते एका सकाळी. रात्रीचे बांगडे टोपलीत पार उतरले होते, शेजारीण खिडकी लावून घेत होती, आणि हा टोपलीला टेकून मजेत चहा-खारी खात होता. तेव्हापासून ही गोष्ट सुकापूरच्या त्यांच्या दोन खोल्यांबाहेर गेली नव्हती.

मॅडमनी परीक्षाही नेमकी नाकाचीच काढली. पोर्तुगालची टॉनी पोर्ट नावाची गोड वाईन, लाकडी पिंपात चाळीस वर्षं मुरवून मग बाटलीत भरलेली. दोन्ही ग्लासांत तीच. फक्त एक बाटली आज उघडलेली आणि एक दिवाळीपासून उघडी पडलेली. कुठला ग्लास पाहुण्यापुढे ठेवाल? चाखायचं नाही, हुंगून सांगायचं. आनंदाने ग्लासाला बोटाची पाठ लावली आणि म्हणाला, "मॅडम, इथं गरम झालीय. ही माठातल्या पाण्याहून जरा गार असावी. दोन मिन्टं आत थंडाव्याला ठेवून आणतो." मॅडमना ते उलट आवडलंच.

"हां, बोल," आता तो कुजबुजत होता.

जनीने रबरबँडवाला ग्लास हुंगला. मग दुसरा. नाक मागे ओढलं.

"ह्यो रबरवाला चांगला. साफ हाय. कसला वासच नाय म्हना ना."

"आनि ह्यो?"

"ह्यो खराब झालाय. खवट मारतो. नका देऊ कुनाला."

'वासच नाय' ऐकून आनंदाच्या कपाळाला आठी पडली. मग त्याने दुसरा ग्लास पुन्हा तिच्या नाकाखाली धरला. "खवट म्हंजे कसला? तेलाचा?"

"तेलाचा नाय… सुक्या खोबऱ्याचा. पेटीत ऱ्हातं ना वरीसभर, तसा. आनि काकवी करपल्यावानी. संत्र्याची साल. ती पन वाललेली. किती वास मारतो, बापरे, अजून नाकात हाय." तिने खांद्याला नाक पुसलं. "अवो, मी तीस वर्सं मासली विकते. ताज्या मासलीला वास नसतो. वास आला की समजायचं, गेली. रबरवालाच द्या."

आनंदा ट्रेकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "मासलीला वास आला म्हंजे मेली. हिला वास नाय म्हंजे मेली."

"काय?"

पण तो गेला होता.

जनी हात न पुसताच, सुरीसकट दाराशी आली. व्हरांड्याच्या टेबलाला मॅडम, दाजी आणि दाजीचा मेहुणा बळीराम. बळीराम दाजीचा पनवेलचा बार सांभाळायचा आणि ही खोली आपल्याच हाताखाली यावी म्हणून महिनाभर दाजीच्या मागे लागला होता. आनंदाने वाकून मॅडमच्या उजव्या हाताशी ग्लास ठेवला.

बिनारबराचा.

याच्यासाठी मी नाक लावलं? मग विचारलं कशाला, मेल्या! जनीला वाटलं जाऊन ट्रे हिसकावून घ्यावा.

"शुअर?" मॅडमनी विचारलं.

"होय मॅडम. दुसऱ्यातला जीव गेलाय. ह्यात सुक्या खोबऱ्याचा वास आहे, जुन्या लाकडी पेटीतल्या. मागून करपलेली काकवी आणि संत्र्याची वाळकी साल."

मॅडमनी ग्लास उचलला. हुंगला. डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"सुकं खोबरं," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं मी लोकांना नट्स, नट्स सांगतेय. हे असं कुणी सांगितलं नव्हतं."

दाजीने टेबलावर थाप मारली. "बोललो नव्हतो मी? आपला मानूस हाय!"

जनीला अजून कळत नव्हतं की खवट झालेली वस्तू चांगली कशी, पण लोक शिकलेले होते, असेल. ती वळणार तेवढ्यात बळीराम बोलला.

"मॅडम, ग्लास ठेवा खाली. उष्टा हाय तो."

मॅडमनी ग्लास खाली ठेवला.

"मी हात धुवायला गेलतो. किचनात ह्याने ग्लास तोंडाशी नेलेला बघितला मी. ह्याच्या नायतर बायकोच्या. चाखून आला आनि इथं हुशारी करतो. पावन्यांना नोकराचं उष्टं पाजतो, दाजी! असला मानूस ठेवनार तुमी?"

"आनंदा?" दाजी म्हणाला.

आनंदाने ट्रे छातीशी धरला. काय सांगणार होता? ग्लास तोंडाशी नव्हता, नाकाशी होता? कुणाच्या नाकाशी? का? तो नुसता उभा राहिला, चोर सापडल्यासारखा. दाजीच्या तोंडावर हळूहळू घाण वाटल्याचा भाव आला, आणि तो भाव जनीला दिसला.

मग तिला काही सुचलंच नाही. हातात मासळीची सुरी तशीच होती.

"ए बलीरामशेट! तोंड सांभाल!"

"जने, आत जा," आनंदा म्हणाला.

"नाय जात! तीस वर्सं बोटीवर काढली यांनी. कप्तानाच्या ताटातला पावाचा तुकडा कवा तोंडात टाकला नाय. हे तुमच्या ग्लासाला तोंड लावनार? आनि लावून करनार काय? वास येत नाय यांना! दोन वर्सं झाली. घरात गॅस सुटला तरी कलत नाय! नाक माजं होतं. ग्लास यांनी धरला, मी हुंगला. तोंड कुनाचंच लागलं नाय. माज्या पोरांची शपथ!"

बोलून झालं आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो.

पंखा फिरत होता. बळीराम हसायच्या बेतात होता, पण मॅडमनी त्याच्याकडे बघितलं तसा त्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"खरं आहे?" मॅडमनी आनंदाला विचारलं.

"होय, मॅडम."

"पण निवड तर बरोबर केलीत. कशी?"

"हिने उलटं सांगितलं, मॅडम. हिच्या धंद्यात वास नसला म्हणजे माल ताजा. म्हणून मी उलटं धरलं. बाकी सगळं तिने सांगितलं तसंच बोललो. माझं काही नाही त्यात."

मॅडमनी ग्लास बाजूला सरकवला. "वाईनच्या खोलीला नाक लागतं, आनंदा. रोज. तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे, मॅडम."

दाजी बागेतल्या नळाकडे बघत होता, जणू तो आत्ताच बसवलाय.

"आजची बाटली मी फ्रिजमध्ये गार करायला ठेवलीय," आनंदा म्हणाला. "जेवणानंतर ओतू ना? का आत्ताच?"

जेवणं झाली. त्याने ओतली. जनीने दारातून सगळं बघितलं. बाटलीचा बुडखा हाताने धरून, मान अलगद वाकवून, शेवटी मनगटाला एक छोटा हिसका. टेबलक्लॉथवर थेंब नाही. तिन्ही ग्लासांत दारू एका रेषेत, बळीरामच्याही. मग त्याने चौथा ग्लास भरला, मॅडमना काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि तो आत आला.

जनी ओट्याला टेकून रडत होती. "मी घालवलं," ती म्हणाली. "माजी जीभ झडो. मीच घालवलं."

"बळीरामला उष्टं बोलू दिलं असतंस, तर?" तो म्हणाला. "तसा कसा ऱ्हायलो असतो मी तिथं?" त्याने बो सोडून खिशात टाकला. भाजीचा क्रेट उलटा केला आणि त्यावर बसला. "हात धू. लिंबानं घास चांगले."

तिने घासले. दोनदा. त्याने ग्लास तिच्या हातात दिला.

"धर. दांडीला धर, वर नको. आता सांग."

"मघाशी सांगितलं की."

"मघाशी घाई होती. मी ही हजारदा ओतलीय, जने. वासच आठवत नाय आता."

जनीने नाक ग्लासात घातलं. "खोबरं," ती म्हणाली. "काकवी. संत्र्याची साल."

"मागं?"

"मागं… खारीक. भिजवलेली. आनि होडीला तेल लावून उन्हात ठेवतात, तसं लाकूड."

आनंदाने डोळे मिटले होते. मान हळूहळू हलत होती.

"अजून?"

अजून काहीतरी होतं, पण त्याला तिच्याकडे नाव नव्हतं. बाहेर गाडीची दारं लागली, कुणीतरी आनंदाला हाक मारली. तो हलला नाही. तोंड वर करून वाट बघत बसला होता. जनीने पुन्हा एकदा ग्लास नाकाशी नेला.