ताईच्या हातातला माइक

मी एक जुना माइक आहे. बिनवायरचा, जाळी एका बाजूने चेपलेली, पण आवाज अजून खणखणीत! मित्रांनो, मी दुकानातून निघालो तो थेट एका गायिकेच्या हातात पडलो. तिला सगळे ताई म्हणतात. तिच्याबरोबर मी अख्खा आशिया पालथा घातला, मग समुद्रापलीकडचे देशही! ताई प्रत्येक देशाच्या भाषेत नमस्कार आणि एक कडवं पाठ करायची. केस विंचरता विंचरता, दौऱ्यावर सोबत असणारी तिची मावशी उजळणी घ्यायची.

पण कार्यक्रम मोठे झाले, नाच वाढला आणि मॅनेजरकाका रेकॉर्ड केलेलं गाणंच लावू लागले. नमस्कार झाला की ताई नुसते ओठ हलवायची आणि मी बंद! हातात असून नसल्यासारखा. फार जिव्हारी लागायचं हो.

मग एका नव्या देशात गंमत झाली. रोज नवा देश, नवं विमान. दमलेली ताई रंगमंचावर आली आणि तिने झोकात नमस्कार केला, तो कालच्या देशाच्या भाषेत! सभागृहात शिट्ट्या, आरडाओरडा.

मॅनेजरकाका पडद्याआडून ओरडले, "माइक बंद! रेकॉर्ड लावा! इथे आपटलो तर पुढचे सगळे कार्यक्रम रद्द होतील!"

ताईने मला घट्ट धरलं. "साउंडवाले दादा, माइक चालू ठेवा. चूक माझी, निस्तरणार मीच."

"अगं, हसं होईल!"

"मग होऊ दे की!"

ती रंगमंचाच्या कडेला बसली. पहिल्या रांगेतल्या एका मुलीला तिने हात जोडून खुणेने विचारलं, "तुमच्याकडे कसं म्हणतात?" आणि मला तिच्यापुढे धरलं. मुलीने सांगितलं. ताईने तसं म्हणून पाहिलं, ते चुकलं. मुलीने शाळेतल्या बाईंसारखी मान हलवली. सभागृह खो खो हसलं.

"जीभ वळव गं, घाई कसली!" आतून मावशी.

ताई चुकत राहिली, म्हणत राहिली. शेवटी जमलं! सगळ्या सभागृहाने असा दणदणीत नमस्कार परत केला की माझी जाळी थरथरली. मग ताई खरंखुरं गायली. नाचताना धाप लागली, एक सूर फाटलाही, पण लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढचा एकही कार्यक्रम रद्द झाला नाही आणि मी पुन्हा कधी मुका राहिलो नाही.

आता ताईने मला एका शाळेला दिलंय. मित्रांनो, मला टकटक ठोकू नका, काम झालं की सेल काढून ठेवा. आणि माझ्यासमोर कुणी अडखळलं, तर मला बंद करायला बटणाकडे धावू नका. वाक्य पुन्हा म्हणू द्या.