बॅटरीची जागा

चाकाच्या शोधानंतर मानवजातीनं घेतलेली खरी झेप म्हणजे चाकात बसवलेली मोटर. हे उकंडाजींचं ठाम मत होतं, आणि ते दिग्रसच्या बसस्टँडपासून त्यांच्या घरापर्यंत टिकलं.

उकंडाजी कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त. जुन्या सायकलला मोटर लावायची पाळी आली ती छातीत छल्ला, म्हणजे स्टेंट, टाकल्यामुळे. यवतमाळच्या डॉक्टरनं बजावलं होतं, सायकल चालवा, पण डबलसीट विसरा. आता डबलसीट म्हणजे एकतीस वर्षं बायको तुळसाबाईच. दर रविवारी कॅरिअरवर बसून त्या सात किलोमीटरवरच्या थोरल्या बहिणीकडे जात. त्या गावाला एसटी नाही, आणि ऑटोत बसलं की तुळसाबाईंना पहिल्याच वळणाला उलटी. त्यामुळे चार महिने भेट नव्हती. तेवढ्यात बहीण, धुरपताबाई, अंथरुणाला खिळली होती.

"दम धर, गाडी तयार करून राह्यलो," असं उकंडाजी घरात रोज सांगत.

बसस्टँडजवळच्या राजदीप मेकॅनिकनं मोटरचं किट उघडलं आणि विचारलं, "काका, वजन किती तुमचं?"

"बावन्न."

"अन् मांगं कोणी बसते काय?"

दुकानात पाच जण चहा पीत होते. बसते म्हटलं, की तिचं वजन सांगणं आलं, आणि चार माणसांत बायकोचं वजन सांगायची रीत उकंडाजींच्या घराण्यात नव्हती.

"या वयात कोण बसते, बाप्पा!" ते म्हणाले. पाचही जण हसले. उकंडाजींनाही बरं वाटलं.

मग राजदीपनं कॅरिअर काढून तिथं बॅटरीची पेटी बसवली. काम चोख होतं.

घरी तुळसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, बहिणीसाठी सांजा डब्यात भरून दारातच उभ्या होत्या. त्यांनी सायकलभोवती एक चक्कर मारली.

"अन् मी कुठी बसू?"

उकंडाजींनी पेटीकडे पाहिलं. ते तसेच दुकानात परतले. पेटी मधल्या नळीवर घ्यायची तर वेगळी क्लँप लागत होती, ती नागपूरहून यायची, पाच दिवस.

"तुमीच तर म्हणले ना काका," राजदीप म्हणाला.

"तुमी तरी जा. पाहून या तिले," ते घरी परत आल्यावर तुळसाबाईंनी डबा हँडलला अडकवला.

सायकल वाऱ्यासारखी गेली. पायडल मारावंच लागलं नाही. धुरपताबाईंनी मान वळवून उकंडाजींच्या मागं दाराकडे पाहिलं.

"तुळसा?"

"येते. आज जागा नव्हती, बाई. मांगं बॅटरी बसली."

"कोण बसली?"

"बॅटरी."

धुरपताबाईंनी मान परत उशीवर टेकवली. "मंग तिले उतरवून द्याचं ना," त्या म्हणाल्या.

उकंडाजींनी सांजा भरवला. दोन चमचे गेले. घरी येऊन त्यांनी सांगितलं, "पुरा डबा संपवला तिनं."

बुधवारी सकाळी बहिणीच्या घरून फोन आला. तुळसाबाई ऑटोनं निघाल्या. तीनदा थांबावं लागलं. तिन्ही वेळा उकंडाजी रस्त्याच्या कडेला त्यांचं कपाळ धरून उभे राहिले. पोचले तेव्हा धुरपताबाईंचं तोंड झाकलेलं होतं.

क्लँप गुरुवारी आली. तिच्यात दोन नट कमी होते.