दाराबाहेर राहिलेला बूट

मी एक जुना काळा बूट आहे, मित्रांनो. आम्ही जोडीने राहतो, पण बोलायचे काम माझे. परळच्या एका कारागिराने आम्हाला शिवले. गिरणीतली नोकरी गेल्यावर आमचे मालक भिवाआजोबा बँकेच्या दारावर पहाऱ्याला उभे राहिले, ते आमच्यावरच. रोज सकाळी आम्हाला चमकवून ते म्हणत, "चला रे!" पुढे ते थकले. आम्ही खाटेखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले राहिलो. त्या अंधारात मला चालण्याची स्वप्ने पडत. वाटे, वरळीचा समुद्र माझ्या तळव्याखालून हळूहळू सरकतो आहे.

एके दिवशी कागद सुटला. नातू अभयला वरळीच्या एका कचेरीत मुलाखतीला बोलावले होते, आणि आता आम्ही त्याच्या पायांत जाणार होतो. आधीच्या मुलाखतींत त्याच्या तोंडून शब्दच फुटला नव्हता. त्याची आई शेवंती खानावळीत पोळ्या लाटे. अभयला नोकरी लागली, तरच तिच्या दुखऱ्या हातांना विसावा मिळणार होता.

सरावासाठी आजोबा मुलाखत घेणारे साहेब होऊन खाटेवर बसले. "नाव काय तुमचा?"

"आजोबा, तुमच्यासमोरच आत्याने ठेवलं की!"

"गप रे! साहेबाक असा सांगतंत? ताठ बस. तुका कोण खावचो नाय."

कचेरीची फरशी पाण्यासारखी चकचकत होती. दाराशी येताच अभय वाकला, घरच्या सवयीने त्याने आम्हाला काढून भिंतीशी नीट ठेवले आणि तो आत गेला.

दाराआडून एका बाईंचा आवाज आला. "तुमचे बूट कुठे आहेत?"

"बाहेर काढले, मॅडम. घरात शिरताना काढतो तसे."

कोणीतरी फिस्सकन हसले. बाई म्हणाल्या, "घालून या. आम्ही थांबतो."

अभय बाहेर आला. कान लाल झाले होते. त्याने आम्हाला पायांत घालून नाड्या बांधल्या. समोरच जिना होता. त्याने आमची टोके जिन्याकडे वळवली. वाटले, हा आता पळून जाणार. मग तो हळूच दाराकडे वळला आणि आम्हाला घेऊन आत गेला.

"घाबरलात?" बाईंनी विचारले.

"हो, मॅडम. पण आता याच्याहून मोठी फजिती काय होणार?"

सगळे हसले. तोही हसला आणि त्याला बोलता येऊ लागले. तो काय बोलला, ते मला नीट आठवत नाही. आवाज मात्र भरतीसारखा चढत गेला होता.

नोकरी लागली. शेवंती हसता हसता पदराने डोळे टिपत राहिली.

मित्रांनो, आम्हाला पुसत जा, अधूनमधून ऊन दाखवा. आणि कोणी गोंधळून दाराबाहेर गेला, तर दार लावू नका. तो बूट घालून परत येतो आहे.