कुंडीतल्या मुंग्या

झाडानं पानं टाकायला सुरुवात केली ती तेरवीनंतर. तोवर ते ठणठणीत होतं आणि कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हतं. आता मरायला निघालं, तर अख्ख्या सेक्टरला त्याची काळजी लागून राहिली.

“आज किती गळाली?” समोरच्या क्वार्टरमधल्या वंदनाकाकू फाटकातूनच विचारायच्या. ताप किती आहे म्हणून विचारावं तसं.

“थोडी,” गीतांजली म्हणायची आणि हातातला झाडू पाठीमागे धरायची.

झाड म्हणजे केवढं, तर वीतभर उंचीचं. निळ्या चपट्या कुंडीत तिरकं उभं, खोड म्हाताऱ्याच्या मनगटासारखं गाठाळ, पानं मेथीहूनही लहान आणि तेल लावल्यासारखी चकचकीत. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून रिटायर होताना बाबांना ते त्यांच्या केरळी सोबत्यानं दिलं होतं. तो गावाकडे परत चालला होता आणि एवढं नाजूक सामान रेल्वेनं नेण्याची त्याची हिंमत नव्हती. फुकियन टी असं त्याचं नाव. तिकडे फिलिपाइन्सकडे याच्या पानांचा चहा करतात म्हणे. बाबांनी तसला चहा कधी केला नाही. त्यांनी फक्त मिशीची कात्री झाडासाठी दिली आणि मिशी वाढू दिली. पांढरी, मोहरीहून जरा मोठी फुलं आली की ते आल्यागेल्याला मागच्या वऱ्हांड्यात बोलवायचे. “नाक जवळ आन. अजून. आला का वास?” कोणालाच यायचा नाही. सगळे “हाव, हाव” म्हणायचे.

बाबा, म्हणजे हेमराज शिवणकर, कार्तिकात गेले. झटका आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. गीतांजली रायपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. मरणाविषयी तिनं बरंच वाचलं होतं. झाडांविषयी काहीच वाचलं नव्हतं. आणि सध्या तिच्या गळ्यात पडलं होतं ते झाड.

ते गळ्यात बांधलं केवलरामकाकांनी, बाबांच्या भावानं. दहाव्याला, शिवनाथ नदीच्या घाटावर.

पिंड ठेवून सगळे मागे सरले होते. कावळा होता, नव्हता असं नाही. समोरच्या कठड्यावर मान वाकडी करून बसला होता. पण खाली उतरेना. मग नेहमीप्रमाणे आश्वासनं सुरू झाली. रंभेले पोरगी सांभाळीन, काका आईचं नाव घेऊन म्हणाले. कावळा ढिम्म. पेन्शनचे कागद करून घेऊ. ढिम्म. गीतांजलीचं लग्न करून देऊ. या वेळी गीतांजलीनं काकांकडे असं पाहिलं की ते वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. ऊन चढलं. काकांना भूक सहन होत नाही, पद्मनाभपूरहून सकाळी उपाशीच आले होते. शेवटी ते कावळ्यावर ओरडलेच.

“भाऊ, आता काय पायजे बे तुले? ते चायचं झाड? नाही मरू देणार गीतांजली तुह्या झाडाले! जबान देतो तिच्याकडून! बस?”

आणि कावळा उतरला.

काका हातवारे करत दोन पावलं बाजूला झाले होते म्हणून कावळा उतरला, हे गीतांजलीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण सांगणार कोणाला? बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. आई तर हात जोडून उभी होती. परतताना गाडीत ती दहा दिवसांत पहिल्यांदा आपण होऊन बोलली. “पाहाय, झाडातच जीव होता त्याइचा.”

तेव्हापासून आई सकाळ-संध्याकाळ झाडापाशी जाऊन उभी राहायची. पानं गळायला लागल्यावर तिचा चेहराही पानागणिक उतरत गेला. रिटायर झाल्यावरही भाड्यानं ठेवलेलं क्वार्टर वर्षअखेर सोडायचं होतं. गीतांजलीनं रायपूरच्या फ्लॅटमधली एक खोली आईसाठी रिकामी केली होती, तिची रजाही संपत आली होती. आईचं एकच.

“असं जाता जाता मी त्याइले सोडून नाही येणार.”

“आई, ते झाड आहे.”

“मंग त्याले बरं कर.”

तर गीतांजली झाड बरं करायला लागली.

ती कामाला लागली की नीट लागते. मोबाईलवर बोन्सायवाल्यांचा एक ग्रुप शोधून ती त्यात शिरली. पहिल्या गृहस्थानं सांगितलं, पाणी कमी पडतंय. दुसऱ्यानं सांगितलं, पाणी जास्त होतंय. तिसऱ्यानं फुलांच्या गुच्छाचं चित्र आणि सुप्रभात पाठवलं. कोइमतूरच्या एका बाईंनी लिहिलं की हे झाड थंडीला भितं. मग गीतांजलीनं कुंडी आत आणली. आत आणल्यावर एका दिवसात मूठभर पानं गळाली, तेव्हा त्याच बाईंनी लिहिलं की या झाडाला जागा बदललेली सोसत नाही. कुंडी परत बाहेर. मातीवर पांढुरकी साय दिसायला लागली, तर कोणी म्हणे क्षार, कोणी म्हणे बुरशी. शिवाय मुंग्या. कुंडीच्या काठावरून खोडापर्यंत काळ्या मुंग्यांची रांग, शिफ्ट सुटल्यासारखी. मुंग्या आल्या म्हणजे माव्याची कीड आली असणार, असं ग्रुपचं एकमत झालं. त्या ग्रुपचं झालेलं हे पहिलं आणि शेवटचं एकमत. गीतांजली भिंग घेऊन एकेक पान उलटून पाहायची. मावा नव्हता.

सुपेल्याच्या नर्सरीवाल्यानं मोबाईलवरचा फोटो लांब धरून पाहिला. “मॅडम, नीम तेल मारो. और नहीं हुआ तो दूसरा ले जाओ, सेम टु सेम है मेरे पास.”

“दूसरा नहीं चाहिए.”

“घर में किसी को पता नहीं चलेगा,” तो समजूतदारपणे म्हणाला. या धंद्यात त्यानं अशी गिऱ्हाइकं पाहिली असावीत.

गीतांजली कडुनिंबाचं तेल घेऊन आली आणि रोज संध्याकाळी फवारू लागली. मागच्या वऱ्हांड्यात त्या तेलाखेरीज दुसरा कसलाही वास येईनासा झाला. मुंग्या मात्र वाढल्या. फांदी जिवंत आहे का पाहायला ती नखानं साल खरवडायची. खाली हिरवं दिसलं की हायसं वाटायचं, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एका ठिकाणी खरवडायची.

“सोलून सोलूनच मारशीन त्याले,” आई म्हणाली.

त्यात वंदनाकाकूंनी एका दुपारी वास्तुशास्त्र काढलं. आई आत पडली होती. काकू पायरीवर बसून हलक्या आवाजात म्हणाल्या, “बेटा, वाईट वाटून घेऊ नको. पण घरात असं खुंटवलेलं झाड ठेवू नये. घराची बरकत खुंटते. तुझ्या बाबांनाही मी बोलले होते.”

“मग बाबा काय म्हणाले?”

“हसले.”

“मग झालं तर.”

“आता बघ ना, तुझंही अजून जमलं नाही...”

“काकू,” गीतांजली म्हणाली, “ते झाड माझ्या पगारावर आहे, माझ्या पत्रिकेत नाही.” आणि उठून पंप भरायला गेली. मागे काकू “आजकालच्या पोरी” म्हणाल्या, ते तिनं ऐकलं नाही असं ठरवलं.

रविवारी केवलरामकाका आले. ते दर रविवारी यायचे, आपल्या जबानीचं काय झालं ते पाहायला. त्यांनी कमरेवर हात ठेवून झाडाची पाहणी केली, एक पान तोडलं, चावलं आणि थुंकलं.

“काका! असलीच किती पानं उरली आहेत!”

“कडू लागून राहिलं.”

“नीम तेल मारलंय त्यावर.”

“मंग ते कावून नाही सांगितलं आधी?” काकांनी तोंड धुतलं, पुसलं. “हे पाहाय पोरी, मी तिथं सगळ्याइच्या समोर बोललो. आता नाक कापू नको माह्यं.”

“तुम्ही बोललात ना? मग घेऊन जा तुमच्याकडे.”

“मी?” काका खरोखर घाबरले. “मले काय समजते झाडातलं?”

“मला समजतं?”

“तू शिकलेली आहेस,” काका म्हणाले, जणू त्यानं प्रश्न मिटला. मग आई ऐकत नाही ना, याची खात्री करून घेत पुढे वाकले. “मेलं तं मेलं. पण तुह्या मायले समजता कामा नये. ती म्हणीन, तो अडकून राहिला. मंग ती या घरातून हलत नाही, लिहून घे.”

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच गीतांजलीचं डोकं फिरलं. सगळं घर एका वीतभर काडीला टांगलेलं, ते टांगलं एका उपाशी माणसानं एका कावळ्यासमोर, आणि खाली हात पसरून उभं राहायचं तिनं.

त्या रात्री ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की पहाटेचं दव वाईट, पहाटे कुंडीवर कापड घाला. त्याआधी तिनं इतकं केलं होतं की हेही करायला हरकत नव्हती. तिनं गजर लावला, पहाटे उठली, बाबांचा जुना मफलर घेतला आणि मागचं दार उघडलं.

वऱ्हांड्यात दिवा होता. आई कुंडीपाशी उकिडवी बसली होती. हातात स्टीलचा पेला. पेल्यातून वाफ निघत होती आणि आई तो हळूहळू, फुंकर घालून, कुंडीत रिकामा करत होती.

“आई! काय करून राहिली?”

आई दचकली नाही. “चाय देऊन राहिली.”

“झाडाले?”

“झाडाले कायले देईन? त्याइले.”

मुंग्या, मातीवरची साय, सगळं एकदम गीतांजलीच्या डोळ्यांसमोरून गेलं. “कधीपासून?”

“तेरवी झाली तेव्हापासून. पहाटेच्या ए शिफ्टले जात तं या टायमाले पीत.”

“दुधाचा? साखर घालून?”

“दोन चमचे,” आई म्हणाली. मग पेल्याकडे पाहत राहिली. “दोन साल फिक्का पाजला मी त्याइले. डाक्टरनं शुगर सांगितली तं मीही हट्टाले पेटली. रोज म्हणत, रंभे, एक चमचा टाक वो, फक्त आज. मी नाही टाकला. डब्बाच लपवून ठेवला.” तिनं पदरानं नाक पुसलं. “तरी गेलेच. मंग काय उपेग झाला? आता कोणाची शुगर वाढते?”

गीतांजलीच्या हातात मफलर तसाच होता. पंधरा दिवसांचा सगळा वैताग आता कोणावर काढायचा ते कळेना. सांगितलं तर आईच्या हातून झाड मेलं असं होईल. नाही सांगितलं तर उद्या पहाटे पुन्हा दोन चमचे.

आईनंच वर पाहिलं. “याच्यानं गळून राहिली का पानं?”

खोटं बोलता आलं असतं. “हाव,” गीतांजली म्हणाली.

तिला वाटलं, आता आई कोसळणार. तिनं पाठीला हात लावायला पाऊल उचललंही. पण आई ताडकन उठली आणि पेला कठड्यावर आपटला.

“मंग आधी कावून नाही सांगितलं?”

“मला माहीत कुठे होतं!”

“इचारायचं न! त्या नर्सरीवाल्याले इचारलं, मोबाईलवरच्या लोकाइले इचारलं, मद्रासच्या बाईले इचारलं. घरात मी एक जितीजागती बाई बसली आहो, मले एक बार नाही इचारलं, का आई, तू काय टाकतेस वो झाडात!”

गीतांजलीनं खरंच विचारलं नव्हतं. जेवलीस का, गोळी घेतलीस का, यापलीकडे गेले कित्येक दिवस तिनं आईला काहीच विचारलं नव्हतं.

“तूपण सांगितलं नाहीस,” ती म्हणाली.

“मले का माहीत तू एवढी हुशार असून तुले समजणार नाही म्हणून.”

मग दोघींनी तिथेच, उजाडायच्या आत, जुना पेपर पसरून कुंडी काढायला घेतली. माती चिकट झाली होती, आंबूस वास येत होता. आईनं मुळांभोवतीची माती बोटांनी अशी काढली, जसं तान्ह्या पोराचं डोकं धुवावं. काही मुळं काळी पडून सुटली. काही पांढरी होती. गीतांजली भिंग आणायला निघाली, तर आई म्हणाली, “बस गपचूप. पाणी टाक इकडे, हळू टाक.” कोरडी माती आणि वाळू घालून झाड पुन्हा उभं केलं, तेव्हा त्यावर मोजकीच पानं होती आणि ते बाबांच्या काळापेक्षा बरंच बावळट दिसत होतं.

“जगंन?”

“माहीत नाही,” गीतांजली म्हणाली. “महिना-दोन महिने काही कळणार नाही.”

आईनं हात धुतले. बराच वेळ धुतले. “तुह्या रायपूरच्या गॅलरीत ऊन येते का?”

“सकाळचं येतं.”

“सकाळचंच पायजे त्याले,” आई म्हणाली. “थोडा वेळ गाडीत हलीन. धरून बसीन मी मांडीवर.”

कठड्यावरच्या पेल्यात अर्धा चहा उरला होता. आईनं तो उचलला, कुंडीकडे पाहिलं, गीतांजलीकडे पाहिलं.

“उद्याही दोन कप होतीन. हात ऐकत नाही माह्ये.”

“मला देत जा.”

“तुले नाही चालत एवढा गोड.”

गीतांजलीनं हात पुढे केला. चहा कोमट झाला होता आणि इतका गोड की दात सळसळले. दुसऱ्या घोटाला तिनं डोळे मिटून घेतले आणि ते जरा जास्तच वेळ मिटलेले राहिले.

“कसा आहे?”

“पाक आहे, पाक.”

“मंग? तसाच पायजे होता त्याइले.” आई झाडू घेऊन सांडलेली माती गोळा करायला लागली. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. “पुरा पी. अर्धा टाकायले आता जागा नाही राहिली.”